शिवारनोंद : जागतिक बँकेचा पैसा आणि आमचं गाव



आज पिकाची नोंद थोडक्यात. तूर वाळत आली, पुढच्या आठवड्यात कापणीला घ्यावी लागेल. हरभऱ्याला घाटे धरायला सुरुवात झालीय. कामगंध सापळ्यात पतंग कमीच आहेत, पक्षीथांबे उभे केलेत, अजून फवारणी काढली नाही. कालव्याचं आवर्तन वर सुटल्याचं ऐकलंय. आमच्या शेपटाला कधी पोचतं ते बघू.

बाकीची नोंद मात्र पिकाची नाही. रविवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपण ज्याला ‘पोकरा’ म्हणतो, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात आमच्या गावाचं नाव आलंय. सूक्ष्म नियोजन करायचं, गाव समितीनं शिवारफेरी काढायची, कुणाला काय पाहिजे ते लिहायचं. मी समितीत आहे. समूह सहायकानं भिंतीवर कागद चिकटवला. त्याच्यावर खाली बारीक अक्षरात ‘जागतिक बँक अर्थसहाय्यित’ असं होतं.

आमच्या भावकीतले थोरले काका चष्मा सावरत म्हणाले, “हे पैसे कुणाचे?”

एक पोरगा म्हणाला, “वर्ल्ड बँकेचे. फुकट हायेत, काका.”

“बँक म्हणल्यावर फुकट कसं रे? मह्या सातबाऱ्यावर बोजा तर चढत नाही ना?”

सगळे हसले. मीपण हसलो. पण घरी आल्यावर झोप लागेना. काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. या बँकेचा पैसा आमच्या शिवारात पहिल्यांदा येत नाहीये. माझ्या आजोबापासून येतोय. आम्ही त्याला कधी ओळखलं, कधी ओळखलंच नाही. वडिलांची जुनी ट्रंक उघडली, त्यांच्या डायऱ्या काढल्या, आणि जे सापडलं, जे वाचलं-ऐकलं ते इथं लिहितोय. गुरुवारी समितीची पुढची बैठक आहे, त्याच्या आधी माझं मलाच नीट कळावं म्हणून.

सुरुवात एका गवतापासून

जागतिक बँक १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून जन्मली. भारत तिच्या संस्थापक सभासदांपैकी एक. म्हणजे ती ‘परक्यांची बँक’ असं आपण म्हणत असलो तरी तिच्यात आपला भाग पहिल्यापासून आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भारतानं तिच्याकडून पहिलं कर्ज घेतलं ते रेल्वेसाठी. दुसरं, त्याच वर्षी, एक कोटी डॉलरचं, आणि ते शेतीसाठी होतं. कशाला, तर ट्रॅक्टर घ्यायला. मध्य भारतात हजारो एकर जमीन कांस गवतानं खाल्ली होती. आपल्याकडे कुंद्यानं रान धरलं की बैलाच्या नांगराला दाद देत नाही, तसंच ते. खोल मुळ्या, वरून कापलं की खालून परत हजर. ते उखडायला जड ट्रॅक्टर पाहिजे होते.

हे वाचून मला गंमत वाटली. जगातली एवढी मोठी बँक, आणि तिचं आपल्या शेतीशी नातं सुरू झालं ते तणापासून.

ज्याच्यावर बँकेचं नाव नव्हतं

ट्रंकेत वडिलांचं भागपत्र सापडलं. महाबीजचं.

महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ २८ एप्रिल १९७६ ला अकोल्यात सुरू झालं. त्याच्या मागं राष्ट्रीय बियाणे प्रकल्प होता आणि त्या प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. नमुना घेतला होता तराईचा. तेव्हाच्या उत्तर प्रदेशातल्या पंतनगरला १९६९ मध्ये बँकेच्याच कर्जावर बियाण्याचं काम उभं राहिलं होतं. त्या नमुन्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बियाणं पिकवणारा शेतकरी हा नुसता मजूर किंवा पुरवठादार नाही, तो महामंडळाचा भागधारक.

वडील संकरित ज्वारीचा बीजोत्पादनाचा प्लॉट घ्यायचे. विलगीकरणाचं अंतर ठेवायचं, नराच्या आणि मादीच्या ओळी मोजून पेरायच्या, भेसळीचं ताट दिसलं की उपटायचं. तपासणीला साहेब यायचा तेव्हा आई चहा ठेवायची. वडील सांगायचे, “आपलं महाबीज.” त्यांनी आयुष्यात कधी ‘जागतिक बँकेचं महाबीज’ असा शब्द उच्चारला नाही. त्यांना माहीतच नव्हतं, आणि माहीत असतं तरी फरक पडला नसता. कागद त्यांच्या नावाचा होता, पिशवी त्यांच्या रानातून जात होती.

इथं एक गोष्ट टिपून ठेवा. गावानं ज्या कामाला मनापासून ‘आपलं’ म्हटलं, तिथं कर्ज देणाऱ्याचं नाव कुणालाच आठवत नाही.

कालवा : वरचे आणि शेपटाचे

आता जिथं नाव सगळ्यांना आठवतं तिथं येऊ.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि धरणाचं उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते. पैठणपासून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. १९७७ मध्ये जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघ या शाखेनं जायकवाडीच्या कामाला सात कोटी डॉलर दिले. धरण बांधून झालं तरी पाणी रानात जायला वितरिका, लघुवितरिका, शेतचाऱ्या, सपाटीकरण हे सगळं लागतं. पैसा मुख्यतः त्यासाठी होता.

आजोबा सांगायचे, मोजणीवाले आले तेव्हा गावात दिवाळी होती. लोकांनी चारीसाठी बांध फोडू दिले. ‘जागतिक बँकेचा कालवा’ हा शब्द तेव्हा गावात मानानं घेतला जायचा.

पुढचं शेपटाच्या गावांना सांगायला नको. कालव्याचा हिशोब कागदावर असा होता की बहुतेक रान खरीप-रब्बीच्या भुसार पिकाखाली राहील. वरच्या अंगाला मात्र ऊस उभा राहिला, आणि ऊस पाणी सोडत नाही. आपल्याकडे पूर्वीपासून शेजपाळी. अर्ज करायचा, पाटकरी पाळी लावणार, शेजाऱ्याचं भिजलं की आपल्याला. वेळ ठरलेली नाही, रान भिजेपर्यंत पाणी चालतं. बँकेच्या तज्ज्ञांना त्याऐवजी फिरती पाळी पाहिजे होती. क्षेत्राच्या हिशोबानं तास ठरवायचे, पीक कुठलंही असो. विचार वाईट नव्हता, उलट शेपटाच्या माणसाच्या फायद्याचा होता. पण तासाचा नियम पाळायला दर चारीवर असा माणूस लागतो ज्याचं वरचा बागायतदार ऐकतो. तो माणूस कर्जातून विकत घेता येत नाही.

म्हणून एकाच कालव्यावर बँकेबद्दल दोन मतं. वरचा म्हणणार, “जागतिक बँकेमुळं आमचं सोनं झालं.” आमच्याकडचा म्हणणार, “बँकेनं चारी दिली, पाणी द्यायचं इसरली.” दोघंही खरं बोलतात. कुणी अभ्यासक येऊन एकाच ठिकाणी प्रश्नावली भरून गेला तर त्याला अर्धंच कळणार.

२००५ मध्ये बँकेनं पुन्हा राज्याला पाण्यासाठी कर्ज दिलं, ३२.५ कोटी डॉलरचं, कालवे दुरुस्तीला आणि पाणी व्यवस्थापन सुधारायला. त्याच वर्षी राज्यानं दोन कायदे केले : एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा शेतकऱ्यांनी सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन करण्याचा. दुसऱ्यातून पाणीवापर संस्था आल्या. त्यात एक कलम मला फार आवडतं. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ, तिन्ही भागांची माणसं पाहिजेत. म्हणजे शेपटाच्या माणसाला कायद्यानं खुर्ची मिळाली. आमच्या संस्थेत ती खुर्ची बरीच वर्षं रिकामी राहिली, कारण आमच्याकडचं कुणी बैठकीला जायचंच नाही. यात मीपण आलो. “जाऊन काय व्हतंय” म्हणत घरी बसलो.

आठवड्याआडचा बुधवार

वडिलांच्या डायरीत १९८० नंतरच्या पानांवर एक गोष्ट सारखी येते : “बुधवार. ग्रामसेवक कृषी येऊन गेले.” एका बुधवारी नाही, पुढच्या बुधवारी हो.

ही ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना, टी अँड व्ही. डॅनियल बेनॉर नावाच्या इस्रायली कृषी विस्तार तज्ज्ञानं बसवलेली पद्धत. जागतिक बँकेनं ती भारतभर नेली, महाराष्ट्रात ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. पद्धत घड्याळासारखी. क्षेत्रीय कर्मचाऱ्यानं पंधरवड्याला एकदा विषयतज्ज्ञांकडून प्रशिक्षण घ्यायचं आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या गावात जायचं. खतं वाटणं, कर्जाचे कागद, कुटुंब नियोजनाचे आकडे यातलं काही त्याच्याकडं नाही. फक्त शेतीचा सल्ला. गावातल्या काही ‘संपर्क शेतकऱ्यां’ना सांगायचं, त्यांनी बाकीच्यांना.

वडील संपर्क शेतकरी होते. दारावर पाटी होती. डायरीत संदेश लिहिलेत : पहिल्या पावसावर लवकर ज्वारी पेरा, खोडमाशी टळते. बी चोळून पेरा. विरळणी वेळेवर करा. आज वाचताना जाणवतं, संदेश साधे होते आणि बरोबर होते. पैसा न लागणारे होते. ज्यांनी ऐकलं त्यांची ज्वारी त्या काळी खरंच वाढली.

पुढं बँकेच्याच अभ्यासकांनी लिहिलं की ही योजना फार खर्चिक निघाली. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार कर्ज संपल्यावर राज्यांना पेलेनात, आणि १९९० च्या दशकात ती विरून गेली. आपल्याकडे १९९८ मध्ये कृषी खात्याची फेररचना होऊन कृषी सहायक आला.

पण माझ्या गावातलं कारण मला परवाच्या बैठकीत कळलं. समितीत वेशीबाहेरच्या वस्तीतला एक जण आहे. त्याचे वडील आमच्याकडं सालानं होते. हसणं थांबल्यावर तो शांतपणे म्हणाला, “तुमच्या वडलांकडं बुधवारी साहेब यायचा, तवा माझा बाप तुमच्या गोठ्यात शेण काढत असायचा. ऐकू यायचं त्याला सगळं. पण त्याच्यासाठी नव्हतं ते. त्याचं दीड एकर कधी कुणी बघाया आलं नाही.”

मी काही बोललो नाही. काय बोलणार? वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं, पण ज्यांच्यासोबत ते पारावर बसायचे त्यांना सांगितलं. योजनेत लिहिलं होतं की संदेश संपर्क शेतकऱ्याकडून गावात झिरपेल. पाणी उताराकडं झिरपतं. गावात ज्ञान झिरपायचं तर जात, बांध आणि गोठा आडवा येतो. एवढी मोठी बँक, तिचे एवढे तज्ज्ञ, आणि योजना आमच्या ओसरीच्या पायरीवर अडली. तिला अडवणारे आम्हीच होतो.

एकच भूकंप, दोन बहिणींची दोन मतं

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरत नाही. किल्लारी, सास्तूर, त्या सगळ्या पट्ट्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर माळवदाचं ओझं. झोपेत कोसळलं.

पुढच्या वर्षी जागतिक बँकेनं पुनर्वसनासाठी २४.६ कोटी डॉलर दिले. काम दोन मोठ्या वाटांनी झालं. जी गावं पार जमीनदोस्त झाली अशी ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथं सरकारनं आणि देणगीदार संस्थांनी घरं बांधून दिली. घराचं माप जमिनीवर ठरलं : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. ज्याची जमीन जास्त त्याचं घर मोठं. दुसरीकडे लांबलांबच्या गावांत, जिथं घरं उभी होती पण तडकली होती, तिथं लाखाहून जास्त घरांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम घेतला. तिथं घरमालकाच्या खात्यात हप्त्यानं पैसे, सामान आणि अभियंत्याचा सल्ला. काम ज्याचं त्यानं करून घ्यायचं. गावोगाव बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. त्या घरोघर जाऊन समजावून सांगायच्या.

माझी मावशी पहिल्या वाटेला लागली, तिची चुलत बहीण, जिला आम्ही काकू म्हणतो, दुसऱ्या.

मावशीला ४०० चौरस फुटांचं घर मिळालं. रुंद सरळ रस्ते, शहरासारखी आखणी. मावशी अजून म्हणते, “घर दिलं, उपकार हायेत. पण शेजार नाही दिला.” जुन्या गावात भिंतीला भिंत होती, नव्या गावात हाक मारली तर ऐकू जात नाही. कडबा कुठं ठेवायचा, बैल कुठं बांधायचे, याची जागा नकाशात नव्हती. रान लांब पडलं. हळूहळू लोकांनी पुढं पत्रे ठोकले, गोठे केले, घराला गाव केलं.

काकूनं आपल्या घराची दुरुस्ती स्वतः उभं राहून करून घेतली. माळवदाची माती उतरवून हलकी केली. भिंतीतून आरपार जाणारे दगड घातले, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकीला धरून राहते. काकू शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण आज कुणी गावात भिंत रचायला लागलं तर ती जाऊन विचारते, “आरपार दगड घातला का?” गवंडी तिला टरकून असतात.

पैसा एकाच बँकेचा, भूकंप एकच. मावशी म्हणते ‘त्यांनी बांधून दिलं’. काकू म्हणते ‘मी बांधलं’. मला वाटतं बाहेरून आलेल्या पैशाबद्दल गावाचं मत बघायचं असेल तर वाक्याचा कर्ता बघावा.

सातपुड्यातली गोष्ट

हे लिहिताना नर्मदेकाठच्या माणसांना वगळलं तर खोटेपणा होईल. १९८५ मध्ये बँकेनं सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज कबूल केलं. त्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं येत होती, आदिवासींची. त्यातलं मणिबेली हे नाव पुढं जगभर गेलं. त्या गावांना बँकेनं काही विचारलं नव्हतं. लढा उभा राहिला, आणि १९९१ मध्ये बँकेनं ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ च्या अहवालात समितीनं स्पष्ट म्हटलं की पुनर्वसनाची आणि पर्यावरणाची तयारी पुरेशी नाही, बँकेनं मागं सरावं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं.

बँक गेली. धरण गेलं नाही. आपल्या पैशानं ते पुढं बांधून झालं. म्हणजे कर्ज थांबणं आणि लोकांचं दुःख थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी. पण एक गोष्ट त्या डोंगरातल्या माणसांनी जगाला मिळवून दिली. १९९३ मध्येच बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशाच्या कामानं ज्यांचं नुकसान होतं ती माणसं एकत्र येऊन तिथं थेट तक्रार करू शकतात. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं? मला नव्हतं.

बघा, एकाच वर्षात : मार्चमध्ये नर्मदेतून बँक बाहेर, सप्टेंबरमध्ये किल्लारीचा भूकंप, आणि पुढच्या वर्षी तीच बँक किल्लारीत. सातपुड्यात ज्या बँकेचं नाव घेतलं की लोक मुठी आवळायचे, तिचंच नाव लातूरकडं घराच्या चावीसोबत घेतलं गेलं.

आता पोकरा

पोकराच्या पहिल्या टप्प्याचं कर्ज बँकेनं २०१८ मध्ये मंजूर केलं. ४२ कोटी डॉलर. प्रकल्प साधारण चार हजार कोटी रुपयांचा, त्यातला ७० टक्के वाटा कर्जाचा, ३० टक्के राज्याचा. मराठवाडा, विदर्भाचा कोरडवाहू पट्टा, जळगाव, आणि पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाण गावं. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं आहेत, खर्च सुमारे सहा हजार कोटी.

माझ्या मेहुण्याचं गाव पहिल्या टप्प्यात होतं. त्याला विचारून घेतलं. चांगलं काय, तर अर्ज मोबाइलवर, पैसे थेट खात्यात, मधे कुणाचा हात नाही. रुंद सरी वरंब्यावर सोयाबीन पेरलं, खंड पडला त्या साली फरक दिसला. शेतीशाळेत बायका बसल्या. पाण्याचा ताळेबंद गावानं मांडला, त्याचं गणित आयआयटी मुंबईनं बसवलेलं.

अडचण काय, तर आधी स्वतःच्या पैशानं घ्यायचं, मग अनुदान. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ठिबकला ७५ टक्के अनुदान कागदावर होतं, पण १०० टक्के आधी उभे करायचे कुणी? ज्याच्याकडं होते तो रांगेत पुढं गेला. मधला हात काढायला केलेला नियम गरिबाच्याच वाटेत उभा राहिला. त्यांच्या गावातल्या एका विधवा बाईनं बचत गटातून उचल घेतली तेव्हा कुठं तिच्या शेळ्या आल्या. आणि कुठं कुठं अस्तराच्या शेततळ्यात विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून भरलं गेलं. तळं भरलेलं दिसतं, शेजाऱ्याची विहीर तळाला जाते. ताळेबंद भिंतीवरच राहतो.

मेहुण्यानं अजून एक गोष्ट सांगितली, ती खास आपल्या कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांसाठी. बँकेचे पाहुणे गावात आले होते. रस्ता झाडला, रांगोळी काढली. पाहुण्यांनी त्याच शेळीवाल्या बाईला विचारलं, काय बदल झाला? ती म्हणाली, “लई चांगलं झालं.” पाहुण्यांनी लिहून घेतलं. गाड्या गेल्यावर ती मेहुणीच्या चुलीपुढं बसून म्हणाली, “व्याज अजून भरतेय. पण पाहुण्याम्होरं घरचं रडगाणं कशाला गायचं? उद्या योजना बंद केली म्हंजे?” सर्वेक्षणात जे ‘समाधानी’ येतात त्यात अशी किती असतील, विचार करा. ती खोटं बोलली नाही. तिनं गावासाठी दार उघडं ठेवलं.

काकांचं उत्तर

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो.

सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. कर्ज भारत सरकार घेतं, राज्याला देतं. पण फुकटही नाही. पोकराचं २०१८ चं कर्ज २४ वर्षांचं, पहिली सहा वर्षं हप्ता नाही. म्हणजे ते २०४२ पर्यंत चालणार. जायकवाडीला १९७७ मध्ये जे मिळालं त्याची मुदत ५० वर्षांची होती, म्हणजे ती २०२७ ला भरते. ज्या पाण्याची वाट मी आज बघतोय त्याच्या चारीचं कर्ज माझ्या आजोबाच्या काळातलं. फेडतो कोण? तुम्ही घेतलेल्या पाइपवरच्या करातून, डिझेलमधून, साबणाच्या वडीतून सगळेच फेडतात. वेशीबाहेरच्या वस्तीतला माणूसपण फेडतो, ज्याच्या बापाला बुधवारचा सल्ला मिळाला नाही.

म्हणून मला वाटतं, गावाची गत हप्ते भरणाऱ्या पण बँकेची पायरी न चढलेल्या खातेदारासारखी आहे. आपण या पैशाला दान समजतो तोवर हिशोब मागत नाही. आणि परक्याचं जाळं समजतो तोवर खुर्ची रिकामी ठेवून घरी बसतो. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

गुरुवारी मी समितीत तीन गोष्टी मांडणार आहे. शिवारफेरी शेपटाकडून, वेशीबाहेरच्या दीड एकरापासून सुरू करायची. ज्यांच्याकडं आधी भरायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी बचत गटाशी आणि सोसायटीशी आधीच बोलून उचल ठरवायची, व्याज किती ते लेखी. आणि पाण्याचा ताळेबंद जुळल्याशिवाय उपसा करून भरायच्या तळ्याची शिफारस समितीनं करायची नाही.

यातलं तिसरं मला जड जाणार आहे, कारण तळ्याचा एक अर्ज माझ्या भावाचा आहे. आणि ठिबकच्या यादीत माझं नाव वरून दुसरं आहे. ते खाली घ्या म्हणून मी सांगणार आहे. घरात अजून बोललो नाही. ही नोंद वाचून कळेलच.

वडिलांची ‘संपर्क शेतकरी’ लिहिलेली पाटी ट्रंकेतच होती, गंजलेली. परत तशीच ठेवली. दारावर लावायची नाही, पण फेकायचीही नाही.

पहिल्या टप्प्यातल्या गावांतल्या मित्रांनी जरूर लिहून कळवा : प्रकल्प संपला, गाड्या यायच्या थांबल्या, त्याच्यानंतर तुमच्या गावात काय उरलं? शेडनेट, ताळेबंद, का नुसती भिंतीवरची पाटी? खरं लिहा. इथं पाहुणे कुणी नाहीत.

आवर्तनाचं पाणी अजून आलेलं नाही. उद्या सकाळी चारी साफ करायला जातोय.